सूर्याजवळचा ठिपका

प्रणोती डुबल कराडच्या आकाशात रोज संध्याकाळी सातच्या सुमारास उगवत असे. दक्षिणेकडून ती वर चढे, पश्चिमेच्या फिकट उजेडातून नदीपलीकडच्या उसावर झुकत उत्तरेला जाई आणि पाच-सहा मिनिटांत दिसेनाशी होई. शुक्राहूनही ती ठसठशीत दिसे. ती वारली त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

हा तारा तिच्या वडिलांनी, जयसिंग डुबल यांनी घेतला होता. विकणाऱ्या कंपनीचं नाव चिरंतन. प्रणोती गेली त्या वर्षीच्या पितृपक्षात कंपनीची पहिली जाहिरात आली, आणि पुढच्या दिवाळीला सातारा, सांगली, कोल्हापूर या तीन जिल्ह्यांतली दोनशेवर माणसं आकाशात दिसू लागली. घाटावर संध्याकाळी खुर्च्या मांडल्या जाऊ लागल्या. लोक थर्मास आणत, चिवडा आणत, आणि आपलं माणूस डोक्यावरून जाताना हात जोडत.

कंपनी त्याला तारा म्हणत असली तरी वस्तू निराळी होती. चादरीएवढा, केसाहून पातळ असा चकचकीत पडदा एका छोट्या उपग्रहाला ताणून बसवलेला असे. जमिनीवर सूर्य मावळला तरी साडेपाचशे किलोमीटर उंचीवर तो मावळलेला नसतो. तिथं अजून ऊन असतं. पडदा ते ऊन अंगावर घेई आणि खाली ठरलेल्या मुलखाकडे वळवी. उपग्रह दिवसाला बरोबर पंधरा फेऱ्या मारत, त्यामुळे दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्याच गावावर परत येत. लुकलुक दिसावी म्हणून पडद्याला बारीक थरथर दिलेली होती.

ही थरथर म्हणजे कंपनीची हुशारी होती. खरा तारा इतका लांब असतो की मोठ्या दुर्बिणीतूनही तो टिंबच राहतो. त्याच्या उजेडाची एकच बारीक रेघ हवेच्या थरांतून खाली येते, हवेबरोबर हेलकावते आणि आपल्याला तारा लुकलुकल्यासारखा वाटतो. ग्रह त्या मानानं शेजारी असतो. त्याची तबकडी असते. तबकडीच्या एका कडेचा किरण हलला तरी दुसरा जागेवर असतो, म्हणून ग्रह शांत दिसतो. मूळ फरक याहून साधा आहे. तारा स्वतः धगधगतो. ग्रह नुसता उन्हात उभा असतो. त्या हिशेबानं चिरंतनचे तारे ग्रहांच्या जातीचे होते आणि ताऱ्यांचं सोंग करत होते.

प्रणोतीच्या आईला, कांचनला, हे सगळं ठाऊक होतं. ती वीज मंडळात अभियंता होती, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली होती. शिवाय प्रणोतीनं स्वतःच हे तिला स्वयंपाकघरात, पोळ्या लाटता लाटता अनेकदा सांगितलं होतं. जयसिंग घाटावर जाई तेव्हा कांचन घरी थांबे. तो परत आला की ती काही विचारत नसे, आणि तोही काही सांगत नसे. दोघांनी मिळून तेवढी एक वाट काढली होती आणि ती बरी चालली होती.

फेब्रुवारीच्या एका रविवारी दुपारी तबस्सुम मुजावर घरी आली आणि ती वाट बंद झाली.

तबस्सुम पाटणच्या वरच्या अंगाला असलेल्या खडकमाळ पठारावरच्या वेधशाळेत काम करत होती. प्रणोती आणि ती तिथं एकाच दिवशी लागल्या होत्या. तिनं चहा घेतला, घराची चौकशी केली आणि लॅपटॉप उघडला.

प्रणोतीचं काम सूर्याच्या बाजूला पाहण्याचं होतं. बहुतेक दुर्बिणी सूर्याकडे पाठ करून काम करतात, कारण तिकडे अंधार असतो. पण काही लघुग्रह, म्हणजे डोंगराएवढे दगड, शुक्राच्याही आत सूर्याभोवती फिरतात. आकाशात ते सूर्यापासून फार लांब जातच नाहीत. हात लांब करून वीत पसरली तर त्या विती-दीड वितीत ते असतात. दिवसा ते उन्हात बुडलेले, रात्री सूर्याबरोबर मावळलेले. सूर्यास्तानंतर अर्धा तास काय तो मिळतो. तेवढ्यात पश्चिमेच्या क्षितिजाजवळ फोटो काढायचे आणि त्यांत हलणारा ठिपका शोधायचा. तारे एका फोटोतून दुसऱ्या फोटोत जागचे हलत नाहीत. जो हलतो तो आपल्या सूर्याच्या घरातला.

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत प्रणोतीला असा एक ठिपका सापडला होता. चार संध्याकाळी तिनं तो टिपला, मग ढग आले, मग तो सूर्याच्या झगमगाटात गेला. ऑगस्टमध्ये तिला डेंग्यू झाला. चार नोंदींवरून त्याचा मार्ग अंदाजानंच सांगता येत होता. तो आता परत पश्चिमेला यायचा होता, पण कुठं, हे बोट ठेवून दाखवता येत नव्हतं. दहा-बारा दिवसांत तो पुन्हा धरला नाही तर पुढची संधी नऊ वर्षांनी होती, आणि तोवर अंदाज इतका विस्कटणार होता की ठिपका हरवला असंच म्हणावं लागलं असतं. पुढं कधी कुणाला सापडलाच, तर तो नव्यानं सापडला असता. प्रणोतीच्या चार संध्याकाळी कुणाच्याच हिशेबात राहिल्या नसत्या.

एवढं सांगून तबस्सुमनं फोटो दाखवले. करड्या आकाशावर पांढऱ्या रेघा होत्या, शेजारी शेजारी, कंगव्याच्या दात्यांसारख्या. अर्ध्या तासात चिरंतनची अख्खी माळ तिथून जात होती. लहान रेघांच्या मधून काहीतरी शोधता आलं असतं, ती म्हणाली. पण एक रेघ इतकी जाड होती की तिच्या दोन्ही बाजूंचं सगळं चित्र पांढरं पडत होतं.

"ही एवढी मोठी कुणाची?" कांचननं विचारलं.

तबस्सुमनं जयसिंगकडे पाहिलं नाही. "ती प्रणोतीची आहे, काकू."

जयसिंग उठून आत गेला. न्हाणीघरात नळ सोडल्याचा आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला.

रेघ मोठी असण्याचं कारण म्हणजे जयसिंगनं 'ध्रुव' योजनेतला पडदा घेतला होता. तो इतरांच्या दसपट मोठा असे आणि त्यासाठी प्रतीक्षायादी होती. बाकीच्या रेघांपैकी नडणारी दहा-बारा नावं कराड-पाटण भागातली होती. कंपनीला पडदा तिरपा करून मिटवता येत असे. वेधशाळांच्या तक्रारींनंतर तसा नियमच झाला होता. पण ज्याच्या नावावर करार आहे त्यानं स्वतः, स्वतःच्या आवाजात, रोज सूर्यास्ताआधी फोनवर तसं सांगायला हवं होतं. वेधशाळेनं विनंती करून उपयोग नव्हता. ती करून झाली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कांचन पहिल्यांदा घाटावर गेली. बरोबर प्रणोतीची दुर्बीण नेली. तिनं तिथं जे केलं ते शहाण्या माणसांच्या हातून नेहमी होतं. तिनं लोकांना समजावून सांगितलं. पश्चिमेला शुक्र होता. तो दाखवून ती म्हणाली की हा ग्रह आहे, उजेड सूर्याचा आहे, आणि तुमचे जे येणार आहेत त्यांचाही उजेड सूर्याचाच आहे. वर पत्रा आहे. पत्रा तिरपा केला की काळोख. शिवाय तो एकट्या कराडचा नाही. दिवसाला पंधरा फेऱ्या म्हणजे पंधरा देशांतल्या पंधरा संध्याकाळी, आणि कंपनी काही त्या फुकट घालवत नसेल. तिथं त्याला दुसरी नावं असतील.

लोकांनी ऐकून घेतलं. एका बाई तेवढ्यात म्हणाल्या, "ताई, जरा बाजूला सरा. आमचे हे यायलेत."

हशा पिकला. कांचन बाजूला सरली. त्या बाईंचे ते डोक्यावरून गेले, बाईंनी हात जोडले, शेजारणीला चिवडा दिला.

पायऱ्यांच्या टोकाला थोरात बसले होते. ते मंडळात लाइनमन होते, कांचनच्या हाताखाली बरीच वर्षं. त्यांची बायको माळेत होती. ते म्हणाले, "मॅडम, उजेड कुठून येतो हे तुम्ही मला शिकवणार? अख्खी नोकरी खांबावर गेली माझी. वर पत्रा आहे हे आमच्या मंडळींना सांगितलं असतं तर ती पण हसली असती. पण घरात बसलं की भिंत दिसते. इथं माणसं तरी दिसतात."

कांचन त्या रात्री नीट झोपली नाही. आपण चुकीच्या माणसांना चुकीची गोष्ट सांगितली, हे तिला कळलं होतं. कुणीच फसलेलं नव्हतं. त्यांना सत्य नको होतं असंही नव्हतं. ते त्यांच्याकडे होतंच.

सकाळी ती थोरातांच्या घरी गेली. या वेळी तिनं ग्रहताऱ्यांचं नाव काढलं नाही. तिनं परमिटचं सांगितलं.

खांबावर चढण्याआधी लाइनमन सबस्टेशनमधून परमिट घेतो. ऑपरेटर लाइन बंद करतो आणि खटक्यावर पाटी लावतो. मग ज्याच्या नावानं परमिट आहे तोच माणूस खाली उतरून, स्वतः येऊन ते परत करेपर्यंत ती लाइन चालू होत नाही. गाव अंधारात असो, आमदाराचा फोन येवो, साहेब स्वतः येऊन उभे राहोत. माणूस लाइनवर आहे तोवर लाइन बंद. मंडळातली माणसं बाकी बरेच नियम वाकवत. हा वाकवत नसत, कारण हा वाकवल्यावर काय होतं ते प्रत्येकानं एकदा तरी पाहिलेलं असे.

"प्रणोती काम अर्धं टाकून गेली," कांचन म्हणाली. "तिचा माणूस म्हणा, तिचं काम म्हणा, अजून वरच आहे. तुमची माळ त्याच्यावरून जाते."

थोरातांनी विचारलं, "परमिट कुणाच्या नावानं?"

"प्रणोतीच्या."

"परत आलेलं नाही?"

"नाही."

"मग बंद ठेवायला लागतंय," थोरात म्हणाले आणि चपला शोधू लागले.

दोन दिवसांत थोरातांनी दहा घरं केली. सगळी मंडळातली नव्हती. पण उसाच्या, कारखान्याच्या, ट्रकच्या धंद्यात माणूस आत असताना मशीन चालू करत नाहीत, हे कुणाला समजावावं लागत नाही. घाटावरच्या त्या चिवड्याच्या बाईंनी तर फोनवर काय बोलायचं ते आधीच पाठ करून ठेवलं. एका घरानं नकार दिला. तिथला मुलगा नुकताच गेला होता. कांचन त्यांच्याकडे दुसऱ्यांदा गेली नाही, थोरातांनाही जाऊ दिलं नाही. एक बारीक रेघ चालेल, तबस्सुम म्हणाली.

ही बातमी चिरंतनच्या कराड शाखेत पोहोचायला वेळ लागला नाही. शाखेचा प्रमुख श्रेयस निकम घरी आला तेव्हा जयसिंगही होता. निकम तिशीतला, मवाळ बोलणारा, बूट दाराबाहेर नीट जोडून ठेवणारा. त्यानं कांचनच्या घाटावरच्या बोलण्यानं लोकांच्या भावना दुखावल्याचं सांगितलं. वरून नोटीस यायची आहे, पण आपण ती थांबवून धरली आहे, असं म्हणाला. कांचननं चार ओळींचं माफीपत्र दिलं तर प्रणोतीचा तारा कंपनी कायमचा ठेवेल. शिवाय तिच्या नावानं शाळांमधून आकाशदर्शनाचे कार्यक्रम करेल.

"नोटीस थांबवू नका," कांचन म्हणाली. "येऊ दे. मी बोलले ते खोटं आहे का तेवढं तीत लिहा."

निकमनं सुस्कारा टाकला आणि जयसिंगकडे वळून कराराचं एक कलम वाचून दाखवलं. ध्रुव योजनेतला पडदा महिन्यात दोन संध्याकाळी मिटवता येतो. तिसऱ्या संध्याकाळी मिटवला तर मालकाला गरज उरली नाही असं धरून तो यादीतल्या पुढच्या नावाला जातो. परत मिळत नाही. पुढचं नाव तयार आहे, इस्लामपूरचं.

तो गेल्यावर जयसिंग म्हणाला की हे त्याला माहीत होतं. कांचननं विचारलं, बाकीचंही माहीत होतं का, पंधरा गावांत पंधरा नावं?

जयसिंगचा बॅनर छापण्याचा धंदा होता. बाजारातले बहुतेक फलक आता विजेच्या पडद्यांवर गेले होते, तरी श्रद्धांजलीला लोक अजून कापडच मागत. हजारेक चेहरे त्यानं छापले असतील. स्वतःच्या मुलीचा तिच्या वर्षश्राद्धालाही त्याला छापता आला नव्हता. फाइल तयार करून तो तीन दिवस मशीनसमोर बसून होता, आणि चौथ्या दिवशी त्यानं चिरंतनला फोन केला होता.

"चौकात लोखंडी फ्रेम एकच असते गं," तो म्हणाला. "आपण आठवड्याला फ्लेक्स बदलतो. मला काय हे कळत नाही? पण ती सहा मिनिटं फ्रेमवर तिचा फ्लेक्स असतो."

"अहो, मी तिला कायमचं मिटवा म्हणत नाही."

"मला माझ्या तोंडानं म्हणायला लागणार. मी जयसिंग डुबल, प्रणोतीचा तारा मिटवत आहे. हेच वाक्य आहे. दुसरं चालत नाही, मी विचारलं. एकदा दवाखान्यात सही केली मी. तिच्या श्वासाचं मशीन काढायला. परत नाही."

कांचनला त्या सहीची आठवण होती. ती त्याच्या शेजारीच उभी होती, पेन तिनंच दिलं होतं. ती म्हणाली, "त्या सहीनं काम थांबलं. या वाक्यानं चालू होईल. एवढाच फरक आहे. तुम्ही नाही म्हणालात तर मी पुन्हा विचारणार नाही. पण उद्या मी पठारावर जाणार आणि जाड रेघेसकट पाहणार. घरी बसणार नाही."

सकाळी तो गाडी काढून दारात उभा होता. दोन देतो, म्हणाला. तिसरी मागू नकोस.

दोन संध्याकाळी पुरणार नव्हत्या. पहिल्या संध्याकाळी संशयित ठिपके मिळतात, दुसऱ्या संध्याकाळी त्यांतला आपला कुठला ते ठरतं आणि तिसऱ्या संध्याकाळी त्याची वाट नक्की होते. दोन बिंदूंतून हवी तशी वाट काढता येते. तिसरा बिंदू आला की मनमानी संपते. तबस्सुमनं हे कांचनला फोनवर सांगितलं होतं. कांचननं ते जयसिंगला सांगितलं नाही. मिळतंय ते घ्यायचं, एवढंच तिनं ठरवलं.

खडकमाळला जयसिंग याआधी कधी गेला नव्हता. प्रणोतीनं बोलावलं की त्याला लग्नसराई असे, निवडणूक असे, गणपती असत. वेधशाळा म्हणजे कौलारू दोन खोल्या आणि पत्र्याचा पांढरा घुमट होता. तो बाहेर कठड्याशी जाऊन उभा राहिला, पाठ केली आणि फोनवर ते वाक्य म्हणाला. आवाज नीट आला नाही म्हणून यंत्रानं पुन्हा म्हणायला लावलं. तो पुन्हा म्हणाला.

सूर्य बुडाला. सात वाजले. कांचननं दक्षिणेकडे पाहिलं; काहीच उगवलं नाही. गेल्या दिवाळीनंतर पहिल्यांदाच पश्चिम रिकामी होती. नंतर एकच लहान ठिपका लुकलुकत गेला. नकार देणाऱ्या घरातला तो मुलगा होता. तो जाईपर्यंत तबस्सुम थांबली, मग तिनं पुन्हा फोटो सुरू केले.

पहिल्या संध्याकाळी सात संशयित मिळाले. दुसऱ्या संध्याकाळी त्यांतला एकच उरला. तो अंदाजापासून बराच बाजूला होता आणि अगदी अंधुक होता. तबस्सुमनं दोन्ही फोटो एकामागून एक दाखवले. मधला ठिपका उडी मारल्यासारखा जागा बदलत होता. तो प्रणोतीचाच आहे का, असं कांचननं विचारलं. असावा, तबस्सुम म्हणाली. असावा आणि आहे यांच्यामध्ये एक संध्याकाळ आहे. मग ती जयसिंगकडे न पाहता पाणी प्यायला गेली.

जयसिंग दुर्बिणीपाशी उभा होता. फोटो घेऊन झाल्यावर दुर्बीण कुणी हात न लावता हळूहळू वळली, थोडी खाली झुकली, थांबली. कॅमेऱ्याची झडप मिटली, उघडली. परत वळली.

"हे कोण फिरवतंय?" त्यानं विचारलं.

"प्रोग्रॅम आहे, काका. कुठं बघायचं, किती वेळ बघायचं, ढग आला तर काय करायचं, सगळं तोच ठरवतो."

"कुणाचा प्रोग्रॅम?"

"प्रणोतीचा. आम्ही अजून त्यात काही बदललेलं नाही. बदलायची गरज पडली नाही."

जयसिंग दुर्बीण पुढच्या जागेवर जाऊन थांबेपर्यंत पाहत राहिला. ती एका झाडामागच्या पट्ट्यात गेली, तिथं काही दिसत नाही हे बहुधा कळून लगेच परत फिरली. तो थोडा हसला. प्रणोतीला लहानपणी रांगेत उभं केलं तर पुढचं दिसत नाही म्हणून ती तशीच लगेच परत फिरायची, असं परतीच्या वाटेवर गाडीत म्हणाला.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं दुकान लवकर बंद केलं. आपण आज कशाला जायचं, असं कांचननं विचारलं, कारण तिसरी संध्याकाळ मागायची नाही असं ठरलं होतं आणि काही न बोलता गाडीत बसणं तिला फसवणूक वाटली. तो म्हणाला, "बस."

सूर्यास्ताला पाव तास होता तेव्हा निकमचा फोन आला. तो खरोखर अस्वस्थ असावा. सर, यंत्र ऐकणार नाही, एकदा वाक्य गेलं की नाव आपोआप उतरतं, माझ्याही हातात काही राहत नाही, असं तो सांगत होता. इस्लामपूरच्या लोकांना संध्याकाळी संदेश जाईल. जयसिंगनं फोन स्पीकरवर टाकला होता. तबस्सुम संगणकासमोर पाठमोरी बसून होती आणि काहीच टाइप करत नव्हती.

"इस्लामपूरचं कोण आहे?" जयसिंगनं विचारलं.

निकमनं थांबून सांगितलं. एका शाळामास्तरांची आई.

"चांगलं आहे. त्यांना द्या. फक्त आमच्या इथं आणखी आठवडाभर नाव लावू नका. माणूस लाइनवर आहे."

"सर, मला कळलं नाही."

"निकम," कांचन मध्ये बोलली, "तुमच्या वरच्यांना कळवा. इस्लामपूरच्या मास्तरांना मी स्वतः जाऊन भेटणार आहे. आणि त्यांच्या पुढचं जे नाव असेल त्यांनाही. दर वर्षी फेब्रुवारीत भेटणार आहे. नोटीस कधी पाठवताय तेवढं सांगा."

जयसिंगनं फोन ठेवला, दुसरा नंबर लावला आणि वाक्य म्हटलं. या वेळी तो कठड्याकडे गेला नाही, पाठही केली नाही. सगळ्यांच्या देखत, फलकावरचा मजकूर ग्राहकाला वाचून दाखवावा तसं, एकेक शब्द सुटा करून म्हणाला. यंत्रानं एकदाच ऐकलं.

सात वाजता दक्षिणेकडून इस्लामपूरच्या आजी वर चढल्या नाहीत. कंपनीच्या यंत्राला नाव बदलायला एक दिवस लागत असावा. नकार देणाऱ्या घरातला मुलगाही आज आला नाही. त्याच्या वडिलांनी काही न कळवता मिटवला होता, हे नंतर समजलं.

घुमटाची फट उघडी होती. जयसिंगनं दारात उभं राहून तबस्सुमला विचारलं की तो ठिपका कुठं आहे, नुसत्या डोळ्यांनी कुठं पाहायचं. तिनं बाहेर येऊन हात लांब केला, क्षितिजावरच्या केशरी पट्टीच्या थोडं वर, शुक्राच्या डावीकडे बोट धरलं. तिथं काहीच नव्हतं. डोळ्यांना तो दिसणार नाही, ती म्हणाली, पण आहे तिथंच. सूर्याच्या उन्हात उभा आहे.

जयसिंग त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिला. आतून दुर्बीण वळल्याचा, थांबल्याचा आवाज येत होता.

मग तबस्सुमनं दोघांना हाक मारली. पडद्यावर तिन्ही संध्याकाळचे फोटो एकापाठोपाठ एक येत होते. आजूबाजूचे तारे खिळ्यांसारखे घट्ट होते. त्यांच्यामधून करडा, मुगाएवढा एक ठिपका पहिल्या जागेवरून दुसऱ्या आणि दुसऱ्यावरून तिसऱ्या जागेवर जात होता. तबस्सुमनं त्यांवर प्रणोतीच्या जुन्या चार नोंदी ठेवल्या आणि सातही बिंदूंतून जाणारी वाट संगणकाला मागितली. संगणकानं थोडा वेळ घेतला. वाट निघाली, एकच निघाली.

"तोच आहे," तबस्सुम म्हणाली.

कांचननं पडद्याजवळ तोंड नेलं. ठिपका अंधुक होता, कडा धड नव्हत्या, लुकलुकत तर मुळीच नव्हता. काल होता तिथं तो आज नव्हता. पुढं गेला होता.